उंदीर, कोल्हे आणि हवामान

बांध फुटला की आरोपी लागतो. १९६८ साली बिहारमध्ये कोसी नदीचा पश्चिमेकडचा तटबंध दरभंगा जिल्ह्यात जमालपूरजवळ फुटला, तेव्हा चौकशीअंती दोष ठेवला गेला तो उंदीर आणि कोल्ह्यांवर. त्यांनी बिळे केली, बिळांतून पाणी शिरले आणि बांध गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१७ च्या पुरानंतर, त्याच राज्याच्या जलसंपदा मंत्र्यांनी पुन्हा उंदरांकडेच बोट दाखविले. बांधावर राहणारे लोक धान्य साठवतात, धान्यासाठी उंदीर येतात आणि उंदीर बांध पोखरतात, अशी ती कार्यकारणाची साखळी होती. बिळांमुळे मातीचा बांध दुबळा होतो हे काही खोटे नाही. कोणताही कालवा-मजूर ते सांगेल. परंतु जे काम उंदराने पाडावे, त्या कामाविषयी दोन प्रश्न विचारायला हवे होते, ते उंदरांच्या गर्दीत राहून गेले.

आता उंदरांची नेमणूक संपत आलेली दिसते. त्यांच्या जागी अधिक भारदस्त आरोपी मिळाला आहे, तो म्हणजे हवामानबदल. उंदीर निदान पिंजऱ्यात सापडतो. हवामानबदलाला नोटीस बजावता येत नाही, निलंबित करता येत नाही, आणि त्याच्यावर खापर फोडणारा माणूस आपोआप अद्ययावत विचारांचा ठरतो.

हे लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्रीचे पाणी पस्तीस फुटांच्या वर गेले, वस्त्या बुडाल्या, मगरी रस्त्यांवर आल्या. त्यानंतर आमच्या मंडळाच्या एका बैठकीत, ठरलेला विषय बाजूला पडून, पुरावरच बोलणे झाले. आयुष्यभर स्थापत्य अभियंता म्हणून काम केलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी निकाल दिला : "आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? हवामान बदलले आहे. आता दोन्ही काठांना भक्कम भिंती घालणे एवढेच आपल्या हाती आहे." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण ऐन वेळी उत्तर सुचले नाही. ते नंतर सुचले, आणि त्या सद्‌गृहस्थांविषयी पूर्ण आदर ठेवूनच येथे मांडत आहे. त्यांचे मधले वाक्य खरे आहे. हवामान बदलते आहेच. पण त्या वाक्यावरून भिंतींचा जो निष्कर्ष त्यांनी काढला, त्याच्या नेमका उलटा निष्कर्ष निघतो, असे माझे म्हणणे आहे.

बडोद्याहून एकदम उत्तर बिहारात जाण्याचे कारण एवढेच, की नदीला दोन भिंतींत बसविल्यावर काय होते हे पाहण्यासाठी आपल्या देशात कोसीसारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. सत्तर वर्षांचा जमाखर्च तेथे मांडून ठेवलेला आहे. तो वाचण्याची तसदी तेवढी घ्यायला हवी.

कोसी ही एव्हरेस्ट आणि कांचनगंगा या दोन्ही शिखरांचे पाणी घेऊन येणारी नदी. अरुण, सुनकोसी आणि तमोर या तिच्या तीन मोठ्या शाखा नेपाळच्या डोंगरांत एकत्र येतात आणि चतरा येथे घळीतून बाहेर पडून एकदम सपाटीवर उतरतात. उतार संपला की वेग संपतो, वेग संपला की गाळ खाली बसतो. हिमालय हा तरुण आणि ठिसूळ पर्वत. त्यामुळे हा गाळ वर्षाला कोट्यवधी टनांच्या हिशेबात येतो. आपल्याच गाळाने आपली वाट उंच झाली की नदी शेजारची सखल वाट धरते. असे करीत कोसी गेल्या दोन-अडीच शतकांत पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभर किलोमीटरहून अधिक सरकली. तिला 'बिहारचे दुःख' असे नाव पडले ते इंग्रजी अमदानीत. महसूल गोळा करणाऱ्याला जागा बदलणारी नदी दुःखदायकच वाटणार. त्या प्रदेशातल्या शेतकऱ्याचे तिच्याशी नाते याहून गुंतागुंतीचे होते. पूर त्याचे नुकसान करी आणि पुढच्या पिकासाठी नवी माती टाकून जाई.

स्वातंत्र्यापूर्वीचे सरकारसुद्धा या नदीला भिंती घालण्यास सहजी तयार नव्हते, ही गोष्ट आज कोणी आठवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बंगालमध्ये दामोदरच्या डाव्या काठावरचा महत्त्वाचा रस्ता आणि रेल्वे वाचवायची म्हणून उजव्या काठावरचा सुमारे बत्तीस किलोमीटरचा बांध इंग्रजांनी स्वतःच काढून टाकला होता. एक काठ वाचवायचा तर दुसरा बुडवावा लागतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. नोव्हेंबर १९३७ मध्ये पाटण्याला पूर परिषद भरली. तेथे बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन जी. एफ. हॉल यांनी बांधांच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली. बांध पूर थांबवीत नाहीत, पाणी पसरण्याची जागा काढून घेऊन ते पुराला अधिक घातक करतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा माणूस कोणी चळवळ्या नव्हता. बांधणे हाच ज्याचा धंदा, तो बांधू नका म्हणत होता.

मग १९५३ चा मोठा पूर आला आणि नव्या राष्ट्राला काहीतरी करून दाखविणे भाग पडले. नेपाळमध्ये बराहक्षेत्र येथे उंच धरण बांधण्याची योजना खर्चाच्या आकड्यामुळे मागे पडलेली होती. ती आजही कागदावरच आहे. स्वस्त आणि लवकर होणारे काम म्हणजे तटबंध. १९५४ च्या मे महिन्यात कंवर सेन आणि डॉ. के. एल. राव हे दोन नामांकित अभियंते चीनला गेले, तेथल्या पीत नदीचे बांध पाहून आले आणि त्यांनी अनुकूल अहवाल दिला. पीत नदी! जिने १८५५ साली बांध फोडून आपले मुखच शेकडो किलोमीटर उत्तरेला नेले, १८८७ साली पुन्हा बांध फोडून लाखो माणसे बुडविली, आणि जिचे पात्र बांधांमधल्या गाळाने भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच होऊन ती डोक्यावरून वाहते, ती नदी पाहून आपण धडा घेतला तो हा. एप्रिल १९५४ मध्ये नेपाळशी करार झालेला होताच; जानेवारी १९५५ मध्ये काम सुरू झाले. दोन्ही बाजूंना शंभर शंभर किलोमीटरहून लांब मातीचे बांध आणि सीमेवर छप्पन्न दारांचे बॅरेज उभे राहिले. साडेनऊ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला साडेनऊ लाख घनफूट, पाणी सुखरूप जाईल अशी आखणी होती. आवळलेल्या पात्रात पाण्याचा वेग वाढेल आणि गाळ आपोआप वाहून जाईल, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला.

गाळ वाहून गेला नाही. दोन बांधांच्या मध्ये थरावर थर बसत गेले आणि कित्येक ठिकाणी नदीचे पात्र बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झाले. येथे एक साधा हिशेब आहे, तो शाळकरी मुलालाही समजेल. भांड्याच्या कडा तेवढ्याच ठेवून तळ वर आणला तर भांड्यात कमी पाणी मावते. बांधाची उंची कागदावर तीच राहिली, परंतु साडेनऊ लाख क्युसेकचे भांडे वर्षागणिक उथळ होत गेले. मग बांध उंच करायचे, पुन्हा गाळ साठायचा, पुन्हा उंच करायचे. बाहेरच्या बाजूची तऱ्हा निराळी. तेथे पडलेला पाऊस आणि लहान उपनद्यांचे पाणी पूर्वी कोसीत जाई. आता बांध आडवा आला. बांधात ठेवलेली दारे गाळाने बुजली. पुरापासून 'सुरक्षित' झालेल्या जमिनी महिनोन्महिने साचलेल्या पाण्यात कुजू लागल्या.

आकडेच द्यायचे तर, १९५० च्या दशकाच्या आरंभी बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. आज तटबंध साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले आहेत आणि पूरप्रवण क्षेत्र ६८.८ लाख हेक्टर आहे. या वाढीतील काही भाग मोजण्याच्या पद्धतीचा असू शकेल, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तो वजा केला तरी बांधांची लांबी वीसपटीने वाढल्यावर पूरक्षेत्र कमी का झाले नाही, याचे उत्तर कोणी तरी द्यायला हवे.

आता १८ ऑगस्ट २००८ या तारखेकडे येतो. त्या दिवशी नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यात कुसहा येथे, बॅरेजच्या वर सुमारे बारा किलोमीटरवर, पूर्वेचा तटबंध फुटला. नदीने आपले शंभर वर्षांपूर्वीचे जुने पात्र धरले आणि ती सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया या जिल्ह्यांतून वाहू लागली. तीस लाखांहून अधिक लोकांना फटका बसला. त्यांतील बहुतेक असे, की ज्यांच्या हयातीत त्यांच्या गावाने कोसीचा पूर पाहिलेलाच नव्हता. त्यांच्याकडे नावा नव्हत्या, उंच माच नव्हते, कोणत्या बाजूला पळायचे याची आठवण नव्हती. बांधाने दिलेल्या सुरक्षिततेच्या खात्रीने या सगळ्या गोष्टी हळूहळू काढून घेतल्या होत्या.

आणि त्या दिवशी नदीत पाणी किती होते? सुमारे दीड लाख क्युसेक. आखणीच्या साधारण सहावा हिस्सा. हा पूर म्हणण्याजोगा पूरच नव्हता. कोसीच्या पावसाळ्यातला तो चारचौघांसारखा दिवस होता. प्रवाहाला बांधापासून दूर ठेवण्यासाठी नदीत जे आडवे मातीचे धक्के घालतात, ज्यांना तिकडे 'स्पर' म्हणतात, त्यांचे कातरणे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून दिसत होते. जवळजवळ दोन आठवडे होते. या प्रसंगात आभाळ कोठे फाटले? ठिगळ लावायचे होते ते जमिनीवरच, आणि तेही हाताच्या अंतरावर. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच वेळेसाठी करून ठेवली असावी.

कोणी म्हणेल, हा आपल्याकडचा ढिसाळपणा झाला; पुढारलेल्या देशांत असे होत नाही. म्हणून मिसिसिपीचे उदाहरण घेतो. पैसा, शिस्त, लष्करी अभियंत्यांचे दल, कशाचीच तेथे वाण नव्हती. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँड्र्यू हम्फ्रीज या अधिकाऱ्याच्या प्रभावाखाली धोरण ठरले ते 'फक्त बांध' असे. जादा पाण्यासाठी बाजूच्या वाटा नकोत, नदीला आवळा म्हणजे ती आपला तळ आपणच खरवडेल. कोसीच्या काठी १९५० च्या दशकात जो युक्तिवाद झाला, त्याचाच हा मोठा भाऊ. २१ एप्रिल १९२७ रोजी माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला, आणि एकूण त्या पुरात सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. न्यू ऑर्लिन्स शहर वाचविण्यासाठी खालच्या बाजूचा बांध सुरुंग लावून उडविण्यात आला आणि तेथल्या गरीब वस्त्या बुडविल्या गेल्या. वरच्या अंगाला बांध फुटून गेल्यामुळे पाणी आधीच पसरले होते. सुरुंगाची गरजही नव्हती, हे मागाहून कळले. ग्रीनव्हिल गावी हजारो कृष्णवर्णीय शेतमजूर बांधाच्या माथ्यावर तंबूंत राहिले आणि त्यांना तेथून जाऊ दिले गेले नाही, कारण पाणी ओसरल्यावर कापसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पुढच्याच वर्षी 'फक्त बांध' हे धोरण अमेरिकेने टाकून दिले आणि पाण्याला बाजूने सोडण्याच्या वाटा बांधायला घेतल्या. आपण त्यानंतर सव्वीस वर्षांनी ते धोरण स्वीकारले.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा जगभर बातमी गेली ती वादळाच्या प्रचंडपणाची. तपासात निघाले ते असे, की शहरातल्या काही महत्त्वाच्या कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच ढासळल्या होत्या, कारण त्यांच्या पायाखालच्या मातीचा अंदाज चुकला होता. पुढच्या वर्षी लष्करी अभियंत्यांनी आखणीतील दोष मान्य केले. मान्य केले हे महत्त्वाचे. आपल्याकडे तेवढ्यासाठी उंदीर शोधावे लागतात.

याहून बोलका पुरावा २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी मिसिसिपीच्या जुन्या, तुटलेल्या वळणांमधील तळ्यांचा गाळ आणि काठावरच्या झाडांच्या खोडांतील वर्तुळे तपासून पाचशे वर्षांच्या पुरांचा इतिहास मांडला. महासागरांच्या तापमानातील चढउतारांबरोबर नदीचे पूर कमीजास्त होतात, हे त्यात स्पष्ट दिसले. म्हणजे हवामानाचा हात आहेच. पण शतकातून एकदा येणारा पूर पाचशे वर्षांत वीस टक्क्यांनी मोठा झाला आहे, आणि या वाढीपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा नदीवर केलेल्या बांधकामाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हवामान चाबूक मारते हे खरे. पण घोडा आपणच गाडीला आवळून बांधलेला असतो.

आता माझ्या बाजूला अडचणीच्या असलेल्या गोष्टीही सांगतो, नाहीतर हा लेख वकिली होईल. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर मतदान घेता येत नाही. पाऊस थोड्या वेळात अधिक कोसळतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस नेपाळात जो पाऊस झाला, त्यात दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि तापमानवाढीमुळे तो सुमारे दहा टक्के अधिक जोरदार झाला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोसी बॅरेजवरून तेव्हा ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेले. छप्पन्न वर्षांतला हा उच्चांक होता. पाणी बॅरेजच्या पुलावर आले. दरभंगा जिल्ह्यात भुभौल गावाजवळ पश्चिमेचा तटबंध फुटला. येथे आभाळ खरोखरच फाटले होते, मी नाकारीत नाही. परंतु ६ लाख ६१ हजार हा आकडासुद्धा साडेनऊ लाखांच्या आतच आहे. ज्या पाण्यासाठी बांध घातला त्याच्या सत्तर टक्के पाण्यात तो गेला. हवामानाने परीक्षा कठीण केली. पण पेपर अजून अभ्यासक्रमातलाच होता.

हवामान आणि बांध यांचा संबंध केवळ जास्त पाण्याचा नाही, आणि हे आमच्या अभियंता मित्रांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. मातीचा बांध तीन-चार रीतींनी मरतो. पाणी माथ्यावरून गेले तर ते मागची बाजू खरवडून काढते. प्रवाह आडवा आला तर पायथा कातरला जातो. पूर दिवसेंदिवस उतरला नाही तर पाणी बांधाच्या पोटातून आणि पायाखालून झिरपत बारीक माती बरोबर नेते, बाहेरच्या बाजूला वाळूचे बुडबुडे दिसू लागतात आणि आत पोकळी होते. आणि पूर झपाट्याने उतरला तर भिजून जड झालेला उतार आधार गेल्यामुळे नदीतच घसरतो. लांबलेला पूर वाईट आणि एकाएकी ओसरलेलाही वाईट. एवढेच काय, कोरडे ऊनही बांध मारते. हॉलंडमधील विलनिस गावी ऑगस्ट २००३ मध्ये कालव्याचा बांध फुटून वस्तीत पाणी शिरले ते ऐन दुष्काळात. बांध दलदलीतल्या कुजक्या मातीचा होता. उन्हाळ्याने तो वाळून इतका हलका झाला, की पलीकडच्या पाण्याने त्याला सरळ बाजूला ढकलले. जेथे दुष्काळ लांबणार आणि पाऊस एकाएकी कोसळणार, असे हवामान येऊ घातले आहे, तेथे मातीच्या बांधाला दोन्ही बाजूंनी मार आहे.

म्हणजेच, जो कोणी हवामानबदल खरा मानतो, त्याने भिंतींवरचा विश्वास वाढवायचा की कमी करायचा? भिंत ही ठरलेल्या आकड्यासाठी बांधलेली वस्तू. आकडा स्थिर असेल तर ती काही काळ चालेल. आकडाच हलू लागला, तोही वरच्या दिशेने, आणि सोबत हिमालयातून अधिक दरडी व अधिक गाळ येऊ लागला, तर सर्वांत आधी निकामी होणारी गोष्ट भिंतच आहे. शिवाय ती निकामी होते ती थोडी थोडी नव्हे, एकदम. बांध नसलेली नदी अंगणात चढते तेव्हा सामान हलवायला रात्र मिळते; फुटलेला बांध श्वास घेऊ देत नाही. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, तसा हा उपचार आहे.

"मग काय बांध काढून टाकायचे?" हा प्रश्न लगेच येतो, आणि तो योग्य प्रश्न आहे. सहरसा, सुपौल ही गावे बांधाच्या भरवशावर वाढली आहेत. उद्या सकाळी बांध उपटा असे म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा त्याचे घर तेथे नाही. पण काढणे आणि वाढविणे यांच्या मध्ये बरेच काही आहे. नदीच्या तळाची उंची दर वर्षी मोजून ती लोकांपुढे ठेवणे आहे. आजच्या तळावर आज किती क्युसेक मावतात ते सांगणे आहे; साडेनऊ लाखांचा जुना आकडा म्हणजे दिवाळे निघालेल्या पेढीची जुनी हुंडी. काही ठिकाणी बांध मागे घेणे आहे, काही ठिकाणी ठरवून वाट देणे आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या कोसी–मेची जोडकालव्याने पूर कमी होईल, असे सांगितले जाते. सिंचनासाठी त्याचा उपयोग होवो. परंतु कालवा हजारांत पाणी नेतो आणि पुरातली कोसी लाखांत बोलते.

सोनारानेच कान टोचावे लागत असतील तर सोनार हॉलंडचा घ्यावा. बांधांवर जगणारा याहून निष्णात देश नाही. १९९५ साली तेथल्या नद्या चढल्या आणि अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. बांध फुटले नव्हते, पण फुटतील असे वाटले. त्यानंतर त्या देशाने बांध आणखी उंच करीत बसण्याऐवजी नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि तीसहून अधिक ठिकाणी राबविला. नाइमेखेन शहरासमोर बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे सरकवला. त्यासाठी पन्नासएक घरे हलवावी लागली, भांडणे झाली, वर्षे गेली. दुसऱ्या एका ठिकाणी शेतकऱ्यांनीच सुचविले, की आमची घरे मातीच्या उंच ओट्यांवर बांधून द्या आणि पूर आला की शेतात पाणी घ्या. बांध सरकला याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांची जमीन जाणार त्यांना आधी विचारले आणि मोबदला दिला.

आता पुन्हा बडोदे. विश्वामित्री ही कोसी नाही. तिच्यात हिमालयाचा गाळ नाही, ती जागा बदलत नाही. तिची वळणे आणि कोतरे पूर्वी पुराचे पाणी काही काळ धरून ठेवीत. त्यांतली कितीतरी भरावाखाली गेली आणि त्यांवर घरे, दुकाने उभी राहिली. अशा नदीला शहरापुरत्या भिंती घातल्या तर पाणी नाहीसे होणार नाही, ते खालच्या गावांत लवकर आणि उंच पोचेल. बेळगाव–चिक्कोडीकडच्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत साचले तेव्हा अलमट्टीवरून दोन राज्यांत जी वादावादी झाली, ती त्यांनी पाहिली आहे. उद्या सांगलीने भिंत बांधली तर अथणीने काय बांधायचे? दामोदरच्या काठी जे इंग्रज अधिकाऱ्यांना कळले, ते राज्यांच्या सीमेवरच्या नदीला तर अधिकच लागू आहे. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. भिंतीचा आराखडा कोणी पुढे ठेवला, तर भिंतीच्या चित्राबरोबर समोरच्या काठाचा आणि खालच्या दहा गावांचा नकाशा मागावा, आणि तो मिळेपर्यंत मान डोलावू नये.

कोसीच्या दोन बांधांच्या मध्ये साडेतीनशेहून अधिक गावे अडकलेली आहेत. लाखो माणसे. बांध घालताना त्यांना बाहेर जमीन आणि घरे मिळतील असे सांगितले होते. पुष्कळांना मिळाली नाहीत, ज्यांना घरासाठी जागा मिळाली त्यांची शेती आतच राहिली, आणि जेथे शेती तेथे माणूस परत जातो. १९८७ साली त्यांच्यासाठी 'कोसी पीडित विकास प्राधिकार' स्थापन झाला. त्याचे अस्तित्व मुख्यतः कागदोपत्रीच राहिले. नदीच्या पोटात गेलेल्या जमिनीवरचा सारा माफ व्हावा, म्हणून त्यांना आंदोलने करावी लागली. दर पावसाळ्यात पाणी चढले की ही कुटुंबे गुरेढोरे, ट्रंका आणि धान्याची पोती घेऊन भोवतालच्या एकमेव उंच जागेवर, म्हणजे तटबंधाच्या माथ्यावर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहायला येतात. काही तेथेच कायमची राहिली आहेत. सरकारी कागदांत त्यांची नोंद 'अतिक्रमण' अशी होते, आणि २०१७ साली ज्या उंदरांना दोष दिला गेला, ते म्हणे यांच्याच पोत्यांतल्या धान्यासाठी आले होते.